खानावळीत आलेली कस्तुरी

त्या सोमवारी सिद्धरामेश्वरांच्या गाभाऱ्यासमोर मी हात जोडून उभा होतो, पण मनात भक्ती कमी आणि भांडण जास्त होतं. तळ्यातल्या त्या देवळात मी लहानपणापासून जातो. वडिलांचं बोट धरून गेलो, लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो, मुलगा झाल्यावर पेढे घेऊन गेलो. देवाकडे काही मागायची आमच्या घरात फारशी पद्धत नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग आहे, रोज सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा करायची, पुढचं जे व्हायचं ते त्याच्या साक्षीनं होतं, अशी वडिलांची शिकवण. पण त्या दिवशी मी मागितलं. मागितलं कसलं, अटच घातली. म्हटलं, "देवा, डॉक्टरांना आज उत्तर द्यायचं आहे. हो म्हणू की नको म्हणू, तूच सांग. आणि आजच सांग." बराच वेळ तसाच उभा राहिलो. फूल पडलं नाही, मनात कुठला आवाज उमटला नाही. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, जरा सरका की पुढं," आणि मी सरकलो. बाहेर आलो तेव्हा फरशीनं पाय पोळत होते आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

सोलापुरात आमची खानावळ आहे, एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखी. आजोबांनी सुरू केली, वडिलांनी वाढवली, आता मी चालवतो. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, एक पातळ भाजी, एक सुकी, आमटी, भात, ताक. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, अजूनही स्वयंपाकघरात उभी राहून भाजीचा मसाला स्वतःच्या हातानं घालते. दारात आलेला माणूस उपाशी परत जाता कामा नये, हा आमच्या घराचा धर्म. आणि अशा घरात, देवाची करणी म्हणा, असा मुलगा जन्माला आला की ज्याला अन्नाचं भय वाटायचं.

मल्लिकार्जुन, म्हणजे आमचा मल्लू, दिवस भरायच्या फार आधी जन्मला. मुठीएवढं पोर, फुप्फुसं कच्ची. जन्मल्यापासून कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता. श्वासासाठी तोंडातून नळी, दुधासाठी नाकातून नळी. तो वाचला ही डॉक्टरांची आणि परमेश्वराची कृपा. घरी आणला तेव्हा आम्हाला वाटलं, आता संकट टळलं, आता खाऊपिऊ घालून बाळसं आणायचं एवढंच राहिलं. पण चमचा जवळ आला की मल्लू मान फिरवायचा. ओठाला काही लागलं की त्याला उमासे यायचे आणि पोटात असेल-नसेल ते सगळं बाहेर यायचं. थोडंफार दूध तो प्यायचा ते फक्त झोपेत, बाटलीतून. जागा असताना बाटली दिसली तरी रडायचा. दोन वर्षांचा झाला, अडीच वर्षांचा झाला, पण दंड माझ्या अंगठ्याएवढेच राहिले.

सल्ला द्यायला लोक कमी नव्हते. कुणी दृष्ट काढायला सांगितली, कुणी भुकेचं औषध आणून दिलं. माझी बायको सुवर्णा घास घेऊन त्याच्यामागं घरभर फिरायची. मोबाइलवर गाणी लावायची, खिडकीतला कावळा दाखवायची, त्याचं तोंड उघडलं की घास सरकवायची, आणि पाठोपाठ उलटी व्हायची. "उपाशी ठेवा, भूक लागली की आपसूक खाईल," असं एका नातेवाइकानं ठामपणे सांगितलं. आम्ही तेही करून पाहिलं. मल्लूनं काही मागितलं नाही. तो गप्प होत गेला, मलूल झाला आणि शेवटी त्याला उचलून दवाखान्यात सलाईन लावायला न्यावं लागलं. खानावळीत रोज जेवणारा एक गिऱ्हाईक एकदा गल्ल्यापाशी मल्लूला बघून हसत म्हणाला, "खानावळवाल्याचं पोर आणि असं वाळल्यालं? घरच्यांनाच जेवायला देत न्हाईसा का काय?" त्यानं चेष्टेनं म्हटलं होतं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या दवाखान्यातच आम्हाला शबाना मॅडम भेटल्या. त्या लहान मुलांना बोलायला शिकवतात आणि खायला-गिळायलाही शिकवतात. असं शिकवणारं कुणी असतं हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मल्लूला काहीच भरवलं नाही. जमिनीवर चटई टाकून त्याच्यासमोर बसल्या, परातीत कोरडं पीठ घेतलं आणि त्यात बोटानं रेघा ओढत राहिल्या. बऱ्याच वेळानं मल्लूनंही एक बोट पिठात बुडवलं. तेवढ्यावर त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. मी जरा रागावूनच विचारलं, "मॅडम, हे खेळणं झालं. जेवायचं कधी शिकणार?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमचा मुलगा हट्टी नाही. तो घाबरलेला आहे. त्याच्या तोंडात आजवर जे जे गेलं त्यानं त्याला दुखलंच आहे. आधी त्याला कळू दे की तोंडाला काही लागलं म्हणजे दुखतंच असं नाही. घास नंतर."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं, पण वजनाचा काटा खाली सरकायचा थांबत नव्हता. उन्हाळा लागला, मल्लूला ताप आला आणि तो पुन्हा दवाखान्यात भरती झाला. पुन्हा नाकात नळी आली. तो ती ओढून काढायचा, परत घालताना चार माणसांना त्याला धरावं लागायचं, आणि इतक्या महिन्यांत शबाना मॅडमनी त्याच्या मनातली जी भीती थोडी थोडी कमी केली होती ती एका दुपारी परत यायची. मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की नाकातली नळी फार काळ ठेवणं बरं नाही. एक छोटं ऑपरेशन करून थेट पोटावर नळी बसवता येते. पोषण तिथून जाईल, शरीर भरेल, आणि तोंड मोकळं राहील. शबाना मॅडमचंही तेच मत होतं. "घाई नाही, पण सोमवारपर्यंत विचार करून सांगा," डॉक्टर म्हणाले.

मला ते ऐकवेना. माझ्या मुलाच्या पोटाला भोक पाडायचं? माझ्या लेखी त्याचा अर्थ एकच होता, की हा आता कधीच तोंडानं जेवणार नाही यावर आपण सही करायची. अव्वाला सांगितलं तेव्हा ती हातातली परात तशीच ठेवून खाली बसली. म्हणाली, "तोंडाला चव न्हाई तर त्या लेकराचा जल्म कसला रे? नगं बाबा. देवानं तोंड कशापायी दिलंय?" सुवर्णाचं मन हो म्हणत होतं. पण तिच्याच्यानं बोलवत नव्हतं. ती फक्त माझ्याकडे बघायची. म्हणून मी देवळात गेलो होतो. आज मागं वळून बघतो तर कळतं, मी देवाला 'हो की नको' असं विचारलंच नव्हतं. मला एकच उत्तर हवं होतं. मल्लूनं उठून बसावं आणि भाकरी मागावी.

देवळातून मी खानावळीत आलो. सुवर्णा दवाखान्यात मल्लूपाशी होती. दुपारची गर्दी झाली, ओसरली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. मी गल्ल्यावर बसून डॉक्टरांना काय सांगायचं याचे शब्द जुळवत होतो. 'नको' म्हणायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात एक बाई आत आल्या. तिशी-पस्तिशीच्या, कपाळावर विभूती, खांद्याला कापडी पिशवी, आणि बरोबर नऊ-दहा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी, दोन वेण्या घातलेली. बाई टेबलाशी न बसता सरळ माझ्याकडेच आल्या. मराठी बोलत होत्या पण शब्दांना कानडी वळण होतं.

"अण्णा, एक विचारू का? मला जेवायला नको. हिच्यासाठी थोडी भाताची पेज करून मिळेल का? पातळ पाहिजे, आणि फडक्यातून गाळून पाहिजे. घरून आणली होती, पण गाडीत उन्हानं आंबली बघा. तुमच्या स्वयंपाकाच्या बायकांना वेळ नसेल तर मीच करून घेते. जे होईल ते पैसे देते."

मला वाटलं मुलगी आजारी आहे. मी अव्वाला हाक मारली. अव्वा बाहेर आली, बाईंच्या कपाळावरची विभूती बघून तिनं लगेच कानडी सुरू केली. "बा तंगी, कूड," म्हणजे ये गं बहिणी, बस. दोघींची गावाकडची विचारपूस झाली. बाईंचं नाव महानंदा. अक्कलकोटच्या पलीकडे, हद्दीवरच्या एका गावात शाळेत शिक्षिका. मुलीचं नाव कस्तुरी. तिला दाखवायला दोघी सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे आल्या होत्या आणि आता परतीच्या गाडीला निघाल्या होत्या. अव्वानं स्वतः तांदूळ धुऊन पेज चढवली, शिजली तशी घोटली, गाळली, गार करून तांब्यातून आणली. बरोबर स्वच्छ वाटी आणि चमचा. तिनं वाटीत पेज ओतली आणि कौतुकानं मुलीपुढं सरकवली.

कस्तुरी म्हणाली, "आजी, चमचा नको मला."

तिनं पिशवीतून एक डबा काढला. त्यात उकळून आणलेली एक मोठी सिरिंज होती, दट्ट्या काढलेली, आणि हातभर लांब एक बारीक नळी. हात धुऊन आली, परकराच्या वरचं पोलकं थोडं उचललं. तिच्या पोटावर एक छोटं बटण होतं, शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं. त्याचं टोपण उघडून तिनं नळी जोडली, नळीच्या वरच्या टोकाला सिरिंज लावली आणि आईपुढं धरली. आईनं त्यात पेज ओतली. मुलीनं सिरिंज हातात उंच धरली आणि ती रस्त्याकडं बघत बसली, आपण पाणी पिताना बसतो तशी.

मी गल्ला सोडून केव्हा उठलो मला आठवत नाही. तिच्या टेबलापाशी जाऊन नुसता उभा राहिलो. माझं तोंड उघडं असावं, कारण कस्तुरी हसली आणि मास्तरणीच्या पोरीला शोभेल अशा थाटात मला समजावू लागली. "काका, हे असं वर धरलं की जातं पोटात. खाली घेतलं की थांबतं. फार भरभर दिलं तर कसंतरी होतं, म्हणून हळू."

अव्वा तिच्याशेजारी बाकावर बसली होती. तिनं हलकेच विचारलं, "व्हय गं बाय, तुला भूक लागती?"

"लागते की! म्हणून तर आलो तुमच्याकडं."

"आन पोट भरल्यालं कळतंय?"

"ढेकर येते की आजी, तुमच्यासारखीच," कस्तुरी म्हणाली. पेज संपत आली तशी तिनं आईला हात केला, "साकु." बास, पुरे. आईनं थोडं पाणी ओतलं, नळी साफ झाली, टोपण लागलं, पोलकं खाली आलं. समोर एक साधी शाळकरी मुलगी बसलेली होती. मग तिनं नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "चटणी कसली हो तुमची? शेंगाची?"

मी महानंदाबाईंकडे बघितलं. त्यांनी सांगितलं की हिचं गिळणं जन्मापासून कच्चं, घास श्वासाच्या वाटेला जायचा, सारखा न्यूमोनिया व्हायचा. आता थोडं सुधारलंय, आणि डॉक्टरांनी चवीपुरतं, बोटाच्या टोकाएवढं चालेल असं सांगितलंय. अव्वा आत पळाली. दह्यात कालवलेली चटणी घेऊन आली. कस्तुरीनं करंगळीचं टोक बुडवून ते जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ ती चव तोंडात घोळवत राहिली. आमच्या घरातली ती चटणी खाणारी हजारो माणसं मी पाहिली आहेत. ती इतकी मन लावून कुणी खाताना मी पाहिलं नव्हतं. डोळे उघडून ती म्हणाली, "पोटासाठी नळी आहे माझी. जीभ फक्त मजेसाठी."

अव्वानं पदर तोंडाला लावला. आणि मी, चार लोकांसमोर कधी न रडलेला माणूस, तिथंच खुर्चीवर बसून रडायला लागलो. महानंदाबाई घाबरल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मल्लूचं, डॉक्टरांचं, आजच द्यायच्या उत्तराचं. सकाळच्या देवळाचंही सांगितलं. त्यांनी मला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "मीसुद्धा वर्षभर नको म्हणाले होते अण्णा. नळी बसवली त्या दिवशी मी खूप रडले. पण नंतर काय झालं सांगू? मी पहिल्यांदा हिच्याशी जेवण सोडून दुसरं काहीतरी बोलले. गाणं म्हटलं. तोपर्यंत मी हिची आई नव्हतेच, नुसती भरवणारी बाई होते."

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यासमोर सुवर्णा आली. घास घेऊन मल्लूमागं फिरणारी. तिनं मुलाला मांडीवर घेऊन शेवटचं गाणं कधी म्हटलं होतं, मला आठवेना.

मी त्यांना विनंती केली, "ताई, दवाखाना जवळ आहे. माझ्या बायकोला एकदा भेटाल का? तुमची गाडी चुकेल, पण पुढच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो." महानंदाबाईंनी मुलीकडे बघितलं. कस्तुरी आधीच उठून चप्पल घालत होती. अव्वाही निघाली. दुपारी खानावळ सोडून अव्वा कुठं गेल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या बायकांना "बघा गं जरा" म्हणून ती रिक्षात येऊन बसलीसुद्धा.

दवाखान्यात सुवर्णा मल्लूच्या उशाशी बसली होती. मल्लूच्या नाकात नळी, गालावर चिकटपट्टी, आणि ती ओढू नये म्हणून हातांना बांधलेले कापडी मोजे. कस्तुरी थेट त्याच्या पलंगावर जाऊन बसली. पोलकं जरासं उचलून म्हणाली, "बघ मल्लू, माझं बटण. तुझी नळी नाकात आहे ना? मला पण होती. लई टोचायची. आता हे आहे. नाक मोकळं." मल्लूनं बोट पुढं केलं आणि तिच्या बटणाला हात लावला. नव्या माणसाला बघून रडणारा आमचा मुलगा रडला नाही. सुवर्णा आणि महानंदाबाई खिडकीशी उभ्या राहून बोलत होत्या. काय बोलल्या ते मी आजवर विचारलेलं नाही. दोघी आयांचं बोलणं होतं ते. थोड्या वेळानं शबाना मॅडम आल्या आणि कस्तुरीला बघून दारातच थबकल्या. महानंदाबाईंची ओळख झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "दादा, मी कितीतरी दिवसांपासून अशी एक आई शोधत होते, तुमची गाठ घालून द्यायला. मी सांगून तुम्हाला कळत होतं, पण दिसत नव्हतं. कुठून आणलंत यांना?"

मी म्हटलं, "मी नाही आणलं. त्या जेवायला आल्या होत्या."

त्या संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना हो म्हणालो. उत्तर मी देणार होतो, पण माझ्याआधी अव्वाच बोलली. "करा डॉक्टर. पर लेकराला लई दुखू देऊ नगा." डॉक्टरांनी तिला ऑपरेशनचं सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं, तिच्या सगळ्या शंकांना उत्तरं दिली. ही नळी कायमची नसते, मूल तोंडानं पुरेसं खाऊ लागलं की काढता येते, हेही सांगितलं. हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं. त्या दिवशी ते माझ्या कानातून आत गेलं.

ऑपरेशन नीट झालं. पहिले काही दिवस आम्ही चाचरत होतो, नळीला हात लावायलाही भ्यायचो. नर्सताईंनी आणि शबाना मॅडमनी शिकवलं, अडलं की महानंदाबाईंना फोन होताच. हळूहळू मल्लूच्या गालांवर मांस चढलं. केस दाट झाले. तो पळायला लागला, पडायला लागला, शेजारच्या मुलांशी भांडायला लागला. घरातला जेवणाचा रडका तमाशा संपला आणि एके दिवशी मी खानावळीतून घरी आलो तर सुवर्णा त्याला मांडीवर घेऊन गाणं म्हणत होती. आत न जाता मी उंबऱ्यावरच बसलो आणि ते गाणं संपेपर्यंत ऐकलं.

शबाना मॅडमचं काम खरं तर आता सुरू झालं. त्यांचा एक कडक नियम होता. मल्लू अन्नाला हात लावेल, वास घेईल, तोंडात घालेल, थुंकेल, काहीही करेल. कुणी त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, 'अजून एक घे' म्हणायचं नाही. समोर ठेवायचं आणि आपलं काम करायचं. आमच्यासारख्या घराला याहून अवघड काही नव्हतं. आमचा जन्म 'अजून एक घ्या की' म्हणण्यात गेलेला. पण एकदा सकाळची पूजा करताना माझ्या लक्षात आलं की नैवेद्य दाखवताना मी असंच तर करतो. ताट समोर ठेवतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो. देवानं घास घेतला का म्हणून कधी डोळे किलकिले करून बघत नाही. खाणं त्याच्याकडं, आपल्याकडं फक्त मनापासून वाढणं. देवाच्या बाबतीत जे मला सहज जमत होतं, ते माझ्या लेकराच्या बाबतीत शिकायला मला एवढं मोठं संकट लागलं. त्या दिवसापासून मी मल्लूपुढं वाटी ठेवली की मनातल्या मनात डोळे मिटून घेतो.

अव्वा भाकरी थापायला बसली की मल्लू तिच्या शेजारी बसायचा. पिठाचा गोळा चिवडायचा, बोटं चाटायचा, तोंड वाकडं करायचा. एकदा कडक भाकरीचा तुकडा त्यानं चावला, कुरकुर आवाज आला, तो आवाज त्याला आवडला आणि त्यानं पुन्हा चावला. अव्वाचे हात भाकरीवर थांबले, पण तिनं मान वर केली नाही. मला तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं. तो तुकडा मल्लूनं थुंकला की गिळला हे आम्हा कुणालाच माहीत नाही. आम्ही बघत नव्हतो.

आज मल्लू बालवाडीत जातो. पोटावरचं बटण अजून आहे आणि त्याचं मुख्य पोषण त्यातूनच होतं. तोंडानं तो थोडं थोडं खातो. कधी आमटीत भिजवलेला भात, कधी दह्याची साय, मनात आलं तर केळ्याचा घास, मनात नसेल तर काहीच नाही. नळी कधी निघेल ते डॉक्टर सांगतील. मला घाई राहिलेली नाही. लोक विचारतात, सिद्धरामेश्वरांनी तुझं ऐकलं का? मी वाद घालत नाही. उन्हानं पेज आंबली, म्हणून एक बाई आमच्या दारात आल्या. एवढंच घडलं. पण आमच्या परंपरेत दारी चालत येणाऱ्या देवाला जंगम म्हणतात, आणि त्याला जेवू घालणं ही पूजाच मानतात. मी सकाळी देवळात जाऊन उत्तर मागितलं, आणि दुपारी देव माझ्याच खानावळीत येऊन म्हणाला, आधी मला पेज दे. माझी अट मोडून त्यानं त्याच्या रीतीनं उत्तर दिलं. मला हवं ते दिलं नाही, माझ्या मुलाला लागणार होतं ते दिलं.

परवाचीच गोष्ट. दुपारची गर्दी संपली होती. दिवसभर उभं राहून माझे पाय भरून आले होते, गल्ल्यामागं डोळे मिटून बसलो होतो. शाळेतून आलेला मल्लू माझ्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत भाकरीचा एक तुकडा होता, जरा चोखलेला, जरा चुरगळलेला. त्यानं विचारलं, "अप्पा, तुम्ही जेवलात का?"

इतक्या वर्षांत हजारो लोकांना मी हा प्रश्न विचारला आहे. मला तो विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही रे बाळा, अजून नाही." तेव्हा त्यानं टाचा उंचावल्या आणि तो तुकडा माझ्या ओठांपाशी आणला. घाई केली नाही, रेटला नाही, नुसता धरून उभा राहिला. मी तोंड उघडलं.